ब्रेक न लावणारे जावईबापू

जावईबापूंनी विजेची गाडी घेतली आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. "इंजिनच नाही, तर बिघडणार काय, कप्पाळ?" हे वाक्य दिवसातून चारदा. ब्रेक लावणं तर त्यांना अडाणीपणाचं लक्षण वाटे. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि बॅटरीही थोडी भरते, हे त्यांनी पाहुण्यांना इतकं ऐकवलं की पाहुणे यायचे थांबले.

त्यांच्या डोळ्यांत खुपायची ती सासऱ्यांची बावीस वर्षांची पेट्रोलची गाडी. सासरे निवृत्त फिटर. नातीला शाळेत सोडणं आणि आणणं, एवढंच त्यांच्या दिवसात होतं. बाकी वर्तमानपत्र आणि खोकला. जावईबापूंनी फर्मान काढलं: यंदाच्या तपासणीत जी गाडी नापास होईल, तिच्यात पोरगी बसणार नाही.

"नियम दोघांनाही सारखा बरं का, बाबा. माझ्या नव्या गाडीला गरज नाही, तरी तीही नेतो," असंही वर म्हणाले. उदार व्हायला काय जातं?

दोन्ही गाड्या एकाच दुपारी तपासणीला गेल्या. आधी सासऱ्यांची म्हातारी गाडी. धूर, दिवे, ब्रेक सगळं होईपर्यंत सासरे भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"वायपरचं रबर तेवढं बदला, काका. पास," तपासणीवाल्या बाई म्हणाल्या.

मग विजेची गाडी ब्रेक तपासायच्या रोलरवर चढली. बाईंनी ब्रेक दाबला, आकडे पाहिले, पुन्हा दाबला. खाली उतरून चाकाआड टॉर्च मारला.

"ब्रेकच्या डिस्कला गंज चढलाय. शेवटचा ब्रेक कधी लावला होता?"

"मी ब्रेक लावतच नाही!" जावईबापू छाती फुगवून म्हणाले.

"दिसतंयच. टायरही आतून झिजलेत. वजन आहे ना गाडीला."

"अहो, पण स्क्रीनवर सगळं हिरवं आहे!"

"स्क्रीन पास आहे. गाडी नापास. दुरुस्ती होईपर्यंत रस्त्यावर आणायची नाही."

एवढ्यात फाटकातून भंगाराचा टेम्पो आत आला. भंगारवाला उतरला आणि विजेच्या गाडीचं बॉनेट टकटक वाजवू लागला.

"साहेब, काल तुमचाच फोन ना? नापास झालेली गाडी आजच उचला म्हणालात. पण जुनाट डबडं म्हणाला होतात, ही तर नवी दिसतेय."

सासऱ्यांच्या हातात पासचा कागद होता. चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"कालच बोलावलं होतंत?"

"बाबा, ते मी आपलं..." उचलली जीभ लावली टाळ्याला, हा ज्यांचा जन्माचा खाक्या, ते बॉनेटवरची धूळ रुमालाने पुसू लागले. खरंच लाज वाटली त्यांना. पण ती यायला उशीर झाला होता.

सासऱ्यांनी भंगारवाल्याला हात जोडले.

"तुमची फेरी फुकट जायला नको. आमच्या जावयांना तेवढं घरी सोडा. मला थांबता येणार नाही, नातीची शाळा सुटायची वेळ झालीय."

भंगारवाल्याने पुढच्या सीटवरचा गंजका पंखा उचलून मागे टाकला आणि साहेबांना जागा करून दिली.