ताशी अठ्ठेचाळीस

चाळीस वर्षे मी मुलांना गणित शिकवले आणि चाळीस वर्षे एकाच चुकीसाठी अर्धा गुण कापत आलो. मीटरचे सेंटीमीटर करताना मुले एकक बदलतात आणि आकडा तसाच ठेवतात. तीन मीटर कापडाचे तीन सेंटीमीटर कापड होते. मी विचारतो, "एवढ्याशा कापडात काय शिवणार? मुंगीची टोपी?" मुले हसतात, खोडतात, दुरुस्त करतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करतात. मला कंटाळा येत नाही. निवृत्त झाल्यावरही दुपारी चार वाजता दहा-बारा मुले माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसतात आणि आम्ही एकके बदलत राहतो.

माझी धाकटी बहीण विद्यापीठात आहे. ती एक त्रैमासिक चालवते. त्यात फक्त गोगलगायींवरचे शोधनिबंध छापतात, दर अंकात पाच, वर्षाला वीस. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तीन कपाटे, एक लांब टेबल आणि टेबलावर काचेची पेटी, तिच्यात सहा गोगलगायी. एकोणतीस वर्षे तिने हा संसार सांभाळला. अंक छपाईला जाण्याआधी त्यातले आकडे मी त्या टेबलाशी बसून तपासून देतो, कारण धाकटीचा आकड्यांवर विश्वास नाही आणि माझ्यावर आहे.

एका दुपारी मुले बसलेली असतानाच ती आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"दादा, आमचा गाशा गुंडाळणार."

"कोण?"

"अंकसाहेब."

अंकसाहेब म्हणजे विद्यापीठाने नवे नेमलेले अधिकारी. कोणत्या नियतकालिकाचा जगावर किती प्रभाव पडतो, ते मोजून त्याचा प्रभावांक काढणे हे त्यांचे काम.

"मोजतात कसं?" मी विचारले.

"गेल्या दोन वर्षांत आम्ही चाळीस निबंध छापले. यंदा जगभरच्या विद्वानांनी आपापल्या लिखाणात त्या चाळिसांचा उल्लेख केला वीस वेळा. वीस भागिले चाळीस."

"अर्धा," मुले एका सुरात म्हणाली.

"अर्धा," धाकटी म्हणाली. "एकाच्या खाली जे जे आहेत त्यांना एका वर्षाची मुदत. नाही वाढला अंक, तर खोल्या काढून घेणार आणि त्रैमासिक बंद."

"पण दोनच वर्षं का? तुझा तो शंखाच्या वेटोळ्यांवरचा निबंध, एकवीस वर्षांपूर्वीचा, लोक अजून काढून वाचतात म्हणतेस."

"तो मेला. दोन वर्षं झाली की निबंध मरतो. मग मेलेल्याचं नाव कितीही घ्या, मोजत नाहीत."

पहिल्या रांगेत बसणाऱ्या मुलीला आम्ही चिमणी म्हणतो, कारण तिचे तोंड मिटत नाही. तिने बोट वर केले.

"मास्तर, ज्याचं नाव जास्त वेळा घेतात तो मोठा का?"

"त्यांच्या हिशेबाने, हो."

"मग वर्गात मी पहिली. तुम्ही दिवसभर माझंच नाव घेता."

"तू गप्प बसावीस म्हणून घेतो."

"कशासाठी घेतलं ते लिहितात का?"

"नाही गं बाई," धाकटी म्हणाली. "ते लिहीत नाहीत."

त्याच आठवड्यात वर्षाचा शेवटचा अंक छपाईला जायचा होता. त्यात गुडघेसरांचा निबंध होता. हे धाकटीचे जुने सहकारी. तीन वर्षे ते एका बागेत, हातात मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन, गोगलगायींच्या शेजारून रांगत होते. विजारी गुडघ्यावर फाटून फाटून त्यांना हे नाव पडले. तीन वर्षांचा निष्कर्ष एका ओळीचा होता: धडधाकट गोगलगाय ताशी अठ्ठेचाळीस मीटर चालते. मी निबंध तपासला, धाकटीने सही केली, अंक गेला.

चार महिन्यांनी तिचा फोन आला.

"दादा, गुडघेसरांच्या निबंधाचे उल्लेख यायला लागलेत. नव्वद झाले."

"अरे वा. काय म्हणतायत?"

"एक म्हणतो, ही गोगलगाय आमच्या गावच्या बसला मागे टाकेल. दुसरा म्हणतो, लेखकाला बागेची नाही, विश्रांतीची गरज आहे. तिसऱ्याने गणित मांडलंय, की या वेगाने घासून गोगलगाय चालता चालता शिजेल. आपण छापलंय तरी काय?"

मी अंक काढला. पान एकतीस. ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर.

मग मला सगळे आठवले. वरच्याच ओळीत होते, 'ही बाग विभागापासून तीन किलोमीटरवर आहे.' आणि खाली मीटर. एका परिच्छेदात दोन एकके मला खपत नाहीत. मी लाल शाईने 'मीटर' खोडले आणि वर 'किलोमीटर' लिहिले. एकक बदलले, आकडा तसाच ठेवला. ध चा मा झाला तो माझ्या हातून, आणि तोही सुवाच्य अक्षरात.

सांगायला मी तोंड उघडले. तेवढ्यात पलीकडून धाकटी म्हणाली, "छापखान्याने घोळ घातला असणार. पण काही म्हण दादा, या चालीने अंक सातावर जाईल. खोल्या वाचल्या."

मी तोंड मिटले. वर्ष संपेपर्यंत मिटलेलेच ठेवले.

वर्ष संपले तेव्हा अंकसाहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर आले. मागून दोन माणसे एक नवे कोरे कपाट घेऊन जिना चढत होती. मी नेहमीच्या जागी बसलो होतो.

"अभिनंदन, बाई," साहेब म्हणाले. "दोनशे ऐंशी भागिले चाळीस."

"सात," मी सवयीने म्हणालो.

"हे कोण?"

"माझे दादा. आकडे तपासतात."

"फार चांगले तपासतात."

मी पेटीतल्या गोगलगायींकडे बघू लागलो.

"साहेब," धाकटी म्हणाली, "नेहमीचे वीस सोडले तर उरलेल्या दोनशे साठ शिव्या आहेत."

"शिव्यांसाठी वेगळा रकाना नाही, बाई. उल्लेख म्हणजे उल्लेख."

"पण गोगलगाय एवढी पळत नाही."

"असं तुम्ही कशाच्या आधारावर म्हणता?"

धाकटीने पेटीत हात घातला, एक गोगलगाय काढली आणि शाईच्या दौतीशेजारी ठेवली. आम्ही तिघे तिच्याकडे बघत बसलो. गोगलगायीने शिंगे बाहेर काढली, जरा विचार केला, आत घेतली. चहा आला. चहा संपला. गोगलगाय निघाली, आणि दौतीपासून टाचणीच्या डबीपर्यंत, म्हणजे वीतभर, जाऊन पुन्हा विचारात पडली.

"हिची प्रकृती बरी नसेल," साहेब म्हणाले.

"ठणठणीत आहे."

"असेल. पण ही एकटी आहे. तिकडे दोनशे साठ विद्वानांनी दखल घेतलीय. हिची कुणी घेतलीय?" ते उठले. "मी तुमच्या भल्याचं सांगतो. चूकदुरुस्ती वगैरे छापायच्या भानगडीत पडू नका. उल्लेख आटतील आणि खोल्या जातील. त्यापेक्षा अशीच आणखी एखादी गोगलगाय बघा."

ते गेले आणि दारात गुडघेसर उभे राहिले. त्यांच्या हातात एक लिफाफा होता.

"मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्यांची परिषद आहे," ते म्हणाले. "मला भाषणाला बोलावलंय. एवढ्या वेगात असताना गोगलगाय थांबते कशी, यावर बोला म्हणतात."

मला हसू आले होते, पण त्यांचा चेहरा पाहून ते घशातच राहिले.

"चांगल्या मनाने बोलावलंय हो त्यांनी. निदान हे तरी मला वेडा म्हणत नाहीत." त्यांनी लिफाफा टेबलावर ठेवला. "बाई, मी मीटरच लिहिलं होतं ना? कच्ची प्रत दहा वेळा पाहिली मी. मीटरच आहे. पण एवढी माणसं म्हणतात म्हटल्यावर वाटतं, आपण खरंच काहीतरी पाहिलं असेल का पळताना?"

"सर, छापखान्याने..." धाकटीने सुरुवात केली.

"छापखान्याने नाही," मी म्हणालो. "मी."

आणि सगळे सांगितले. सांगायला मिनिटभरसुद्धा लागले नाही, ज्यासाठी मी आठ महिने घालवले होते.

गुडघेसरांनी लिफाफा पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आठ महिने?"

"बोललो असतो तर हिच्या खोल्या गेल्या असत्या."

"माझ्या खोल्यांचं ओझं तू कशाला वाहतोस?" धाकटी म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ती चिडली की असेच होते, लहानपणापासून. "मला विचारलंस का एकदा तरी? मुलांनी ही चूक केली तर काय करतोस?"

"अर्धा गुण कापतो."

"आणि आठ महिने लपवली तर?"

मी शाईची दौत बाजूला सरकवली.

"आधी चूकदुरुस्ती," ती म्हणाली. "तुझं नंतर बघते."

पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर, जाड चौकटीत, ती छापून आली: 'गोगलगायीचा वेग ताशी अठ्ठेचाळीस मीटर असा वाचावा. चूक लेखकाची नाही, आमची आहे.' अंक रवाना झाला त्या दिवसापासून धाकटीने खोकी भरायला घेतली. एकोणतीस वर्षांचे अंक, पत्रे, शंखांचे नमुने. गोगलगायींची पेटी माझ्या घरी आली. नवे कपाट तिने रिकामेच ठेवले. त्यात काही ठेवायची इच्छा होत नाही, म्हणाली.

वर्षअखेर अंकसाहेब पुन्हा जिना चढून आले. गुडघेसर धरून आम्ही तिघे खोक्यांवर बसलो होतो.

"पाचशे साठ भागिले चाळीस," ते म्हणाले. या वेळी कुणीच उत्तर दिले नाही, तेव्हा त्यांना स्वतःच भागाकार करावा लागला. "चौदा. दुप्पट. पण खोकी का भरलीत?"

"चूकदुरुस्ती छापली होती," धाकटी म्हणाली. "पहिल्या पानावर."

"कधी?"

"मागे. चौकटीत."

साहेबांनी अंक घेतला, पहिले पान उघडले आणि शांतपणे वाचले. मग कागदांत काहीतरी शोधले.

"हिचे उल्लेख शून्य. कुणी वाचलीच नाही, बाई. सगळे पहिला निबंधच धरून बसलेत. आता तर त्याला शिव्या देणाऱ्यांना शिव्या देणारे निघालेत." त्यांनी अंक मिटून परत दिला. "मीही वाचली नव्हती, नाहीतर कारवाई करावी लागली असती. आता चौदावर कसली कारवाई? खोकी उघडा."

ते गेल्यावर धाकटी हसायला लागली. हसता हसता खोक्यावरून घसरली, तरी हसतच राहिली.

गुडघेसर तेवढे हसले नाहीत. "म्हणजे मी अजून ताशी किलोमीटरवरच," ते म्हणाले.

धाकटीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "दादा, तुझं बघायचं राहिलं होतं. दोन वर्षांचे मिळून या निबंधाचे आठशे उल्लेख. आठशे पत्रं. प्रत्येकाला वेगळं, हाताने."

"छापील मजकूर चालेल?"

"मुलांना शंभरदा लिहायला लावतोस तेव्हा छापील चालतं?"

तेव्हापासून मी पत्रे लिहितो आहे. 'गोगलगाय सरांनी पाहिली तेवढीच हळू होती. किलोमीटर माझे.' आज तीनशे सतरावे पत्र झाले. उत्तरे अकरा आली. एकाने कळवले, की किलोमीटर धरून त्याची दोन प्रकरणे लिहून झाली आहेत, तेव्हा आता गोगलगायीनेच काय ते जमवून घ्यावे. एकाने विचारले, की या पत्राचा उल्लेख नेमका कसा करावा. आणि दूरच्या एका बाईंनी गुडघेसरांची माफी मागितली. ते पत्र सर खिशात घेऊन फिरतात.

पुढच्या वर्षी हा निबंधही दोन वर्षांच्या पलीकडे जाऊन मरेल. अंक पुन्हा अर्ध्यावर येईल. धाकटीला ते ठाऊक आहे. खोकी तिने उघडलेलीच नाहीत.

काल मुले विचारू लागली, मास्तर एवढी पत्रे कुणाला लिहितात. मी फळ्यावर लिहिले: '४८ मीटर = ४८ किलोमीटर.' आणि कुणी, कधी, कशी चूक केली ते सांगून खडू चिमणीच्या हातात दिला.

"तपास. गुण दे."

तिने मोठे गोल शून्य काढले.

"अगं, अर्धाच कापतात."

"नुसता आकडा चुकला तर. तुमच्या टेबलावर सहा गोगलगायी होत्या ना? एकदा वाकून बघायचं."

गुडघेसर आले होते. ते पेटीतून एक गोगलगाय काढून जमिनीवर बसले, म्हणजे रांगायलाच लागले, आणि मोजपट्टी कशी धरायची, घड्याळ कुणी बघायचे ते मुलांना दाखवू लागले. बारा मुले पोटावर पालथी झाली. गोगलगाय त्या दिवशी रंगात होती. एका मिनिटात ऐंशी सेंटीमीटर.

"साठ मिनिटांत किती?" मी विचारले. "मीटरमध्ये लिहा."

पाट्या फिरल्या. अकरा पाट्यांवर अठ्ठेचाळीस मीटर होते. बारावीवर, मोठ्या ठसठशीत अक्षरात, चार हजार आठशे मीटर.

"चिमणे," मी म्हणालो.

"काय मास्तर?"

मी नुसते जमिनीकडे बोट दाखवले. तिने वाकून गोगलगायीकडे पाहिले, मग पाटीकडे, आणि ओले फडके शोधू लागली.