बेवड्याचं काम

सरलानं चौथीतल्या पोराच्या हातातली पाण्याची बाटली ओढून घेतली. पोरगा झोकांड्या खात शाळेच्या मैदानात फिरत होता आणि मागं आठ-दहा जण टाळ्या पिटत होते.

"मी तं सिध्धा चालून राहिलो मॅडम, रस्ताच वाकडा होऊन राहिला," तो म्हणाला.

वाक्य सरलानंच लिहिलेलं होतं. पोरांनी दारूच्या वाटेला जाऊ नये म्हणून तिनं पथनाट्य बसवून गावात केलं होतं. बेवड्याचं काम नववीतल्या तिच्याच मुलाला, अंकुरला दिलं होतं, झोकांड्याही तिनंच शिकवल्या होत्या. शेवटी बेवडा मरतो, हे मात्र कोणाच्याच लक्षात नव्हतं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

"बेवडा काढून टाकावा म्हणते," ती स्टाफरूममध्ये संदीप सरांना म्हणाली.

"लोकं हासतात म्हणून तं थांबतात मॅडम. शनिवारी सौंसरच्या बाजारात खेळ हाये, आता कायले बदलता?"

"हासतात सर. भेत कोणीच नाही."

सरांनी चहाचा घोट घेतला आणि वह्या पुढं ओढल्या.

सरांचं सोडा, पण अंकुरला कसं सांगावं? आजवर वर्गात त्याचं नाव फक्त हजेरीला निघायचं. आता गावातून जाताना मोठी पोरंही त्याला हाक मारत. जेवताना तो गुणगुणू लागला होता. ते गुणगुणणं तिला फार आवडत होतं, आणि म्हणूनच दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

संध्याकाळी त्याच्या ताटात पोळी वाढता वाढता तिनं सांगून टाकलं.

"मंग मी कोण होऊ?" त्यानं विचारलं.

"बेवड्याचा पोरगा हो. घरी बापाची वाट पाहून राहिलेला."

"त्याले तं एकबी डायलॉग नाही."

पोळी अर्धी ठेवून तो उठला आणि चपला घालून बाहेर पडला.

दिवेलागण झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. सरला दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली, मग सरळ चालू लागली. पानठेल्याच्या मागून हसण्याचा आवाज येत होता. कॉलेजातल्या पोरांनी गोल केला होता आणि मधोमध प्लास्टिकचा गिलास घेऊन अंकुर डुलत होता. गिलासातला थेंबही सांडत नव्हता. इतकं चांगलं काम त्यानं तालमीत कधी केलं नव्हतं. क्षणभर तिला कौतुक वाटलं आणि स्वतःचीच चीड आली.

"एक घोट घे ना बे, अजून मस्त करशीन," कोणीतरी म्हणालं. मग त्याला सरला दिसली. तो आणि बाकीचे एकेक करून गाड्यांकडं सरकले.

अंकुर वळला. आईला पाहताच नीट उभा राहिला.

तिनं गिलास त्याच्या हातातून घेतला. नाकाशी न्यायची गरज नव्हती, वास हातभरावरूनच येत होता.

"तू दारू पेला का?"

"नाही." त्यानं निघून गेलेल्या पोरांच्या दिशेनं पाहिलं. "अजून नाही, आई."

तो खरंच सांगत होता. आईशी तो कधी खोटं बोलत नसे.