मिठाच्या पाण्याच्या दोन पिशव्या

किडनी बसवणारे सर्जन राइंडर इप्मा यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये औषधांच्या कपाटावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद डकवलेला होता : 'किडनीच्या रुग्णाला फक्त मिठाचं पाणी. पोटॅशियम असलेली पिशवी दिसली तर कचऱ्यात.' तीस वर्षांपूर्वीचा कागद. भूलतज्ज्ञ त्यावर मनातल्या मनात हसत आणि मुकाट्याने मिठाच्या पाण्याची पिशवी लावत.

चिट्स्के होएकेमा भूलतज्ज्ञ म्हणून इथे येऊन सहा महिने झाले होते. तिला हसू येत नसे, संताप येई. पण आज इप्मांचा वाढदिवस होता. इथल्या रिवाजाप्रमाणे केक त्यांनीच आणला होता आणि त्याच रिवाजाने सकाळी सगळे एकमेकांचंही अभिनंदन करत होते. अशा वेळी तोंड कशाला वाजवा, म्हणून तिने पहिली पिशवी लावली. मग दुसरी.

टेबलावर येले होता, नदीवर फेरीबोट चालवणारा. त्याच्या बहिणीची किडनी शेजारच्या खोलीतून बर्फात येऊन आता त्याच्या पोटात शिवली जात होती. चिट्स्केने रक्त तपासायला पाठवलं. सुरुवातीला ४.६ असलेलं पोटॅशियम ६.३ वर गेलं होतं, हृदय बंद पाडू शकेल इतकं. रक्त आम्लाकडे झुकलं होतं. पडद्यावर हृदयाच्या रेषेची टोकं उंच होऊ लागली होती.

तिने मिठाचं पाणी बंद केलं, कॅल्शियम दिलं, इन्सुलिन-ग्लुकोज सुरू केलं आणि संतुलित द्रवाची पिशवी टांगली.

"ते काय लावलंस?" इप्मांनी मान वर न करता विचारलं.

"जे सकाळीच लावायला हवं होतं ते."

"त्यात पोटॅशियम आहे. लिहिलेलं वाचता येतं ना तुला, पोरी?"

"त्यात पाच आहे, त्याच्या रक्तात सहाच्या वर आहे. पाचाने सहा वाढत नाही, डॉक्टर. वाढवलं ते तुमच्या मिठाच्या पाण्याने. त्याने रक्त आंबतं, आणि आंबलं की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं."

"तुझ्या जन्माआधीपासून किडन्या बसवतोय मी."

"मग तेव्हापासून नशिबावर चाललंय."

नर्स मार्लूसने मान खाली घातली. अर्ध्या तासाने इप्मांनी शेवटचा टाका घातला आणि रक्तवाहिनीवरच्या चिमट्याला हात लावला. तो चिमटा सुटला की किडनीत साचलेलं पोटॅशियमही थेट हृदयाकडे जाणार होतं.

"थांबा," चिट्स्के म्हणाली. "नवा रिपोर्ट येतोय."

"किडनी गरम होतेय. ही मेली तर त्या बहिणीला तू जाऊन सांगशील?"

"आणि हा टेबलावर गेला तर तुम्ही सांगाल?"

इप्मा मोठ्याने सेकंद मोजायला लागले. प्रत्येक आकडा तिच्या तोंडावर फेकल्यासारखा. नव्वदपर्यंत पोचले तेव्हा रिपोर्ट आला : ५.४.

"सोडा."

चिमटा सुटला. पडद्यावरची रेषा दोनदा अडखळली आणि पुन्हा नेमाने धावू लागली. राखाडी किडनी हळूहळू गुलाबी झाली, थोड्या वेळाने नळीतून लघवीचे थेंब आले. मार्लूसने सुटकेचा निःश्वास टाकला.

"बघितलंस?" इप्मा म्हणाले. "दोन लिटर मिठाच्या पाण्यावर चालली."

दुपारी ते कॉफीच्या खोलीत उरलेला केक कापत होते. चिट्स्के आत आली, बसली नाही.

"तो कागद काढा. आज माणूस जाणार होता."

इप्मांनी सुरी पुसली. "कागदाने पिशवी लावली? का मी लावली? माझे हात पोटात होते. तुला सगळं ठाऊक होतं ना? मग दोन्ही पिशव्या कुणी टांगल्या?" त्यांनी बशी तिच्यापुढे सरकवली. "केक घे."

तिला त्या माणसाची चीड आली, आणि त्याहून जास्त त्याचं म्हणणं खरं असण्याची. कागद न मानणारी त्या खोलीत ती एकटीच होती, आणि तरीही तिने तो मानला होता.

बशी तिथेच ठेवून ती येलेच्या खाटेपाशी गेली. तो जागा झाला होता, बहीण कशी आहे ते विचारत होता.

"बरी आहे," ती खुर्ची ओढून बसली. "तुमची किडनीही चालतेय. पण आज माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हाला सांगायचीय."