गिअरबॉक्समधलं सोमसूत्र

"सरू, थांब. ते पाणी ओलांडायचं नाही. आलीस तशी मागे फिर."

अप्पांचा हा आवाज सरोजिनीबाईंच्या कानात अजून तसाच होता. लहानपणी गावच्या शंकराच्या देवळात त्या धावत प्रदक्षिणा घालायच्या, आणि अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या पन्हळीपाशी वडील त्यांना हटकून अडवायचे. पाण्याच्या त्या वाटेला सोमसूत्र म्हणतात. शंकराची प्रदक्षिणा तिथवरच घालायची, मग वळायचं आणि आलो त्याच वाटेनं परत यायचं. "मग गोल पुरा कधी होणार, अप्पा?" असं विचारलं की अप्पा म्हणायचे, "देवाला गोलाचं कौतुक नाही गं. तू फिरलीस ना, झालं."

आता सरोजिनीबाई वाशीच्या बैठ्या घरात राहत होत्या. देऊळ जरा लांब होतं, पण नेम चुकला नव्हता. महादेवाला बेल वाहिल्याशिवाय चहा नाही, श्रावणात एकभुक्त, सोमवारी शिवामूठ. बोलणं इतकं हळू की शेजारच्या मालतीबाई म्हणायच्या, "वहिनी, तुमचं ऐकायचं तर तोंडाला कान लावावा लागतो." आणि त्यांच्या घराच्या मागच्या अंगणात मात्र पत्र्याच्या आडोशाखाली ठोकाठोक चालायची. त्यांचे यजमान दिनानाथराव तुर्भ्याच्या कारखान्यात पंपांची दुरुस्ती करत. घरी आले की कुणाची स्कूटर उघड, कुणाची मोपेड जोड. त्यांना तो छंदच होता.

"तुमच्याकडे उदबत्तीचा वास येतो का रॉकेलचा, काही कळत नाही बाई," मालतीबाई कुंपणावरून म्हणत.

"दोन्ही आमच्याच घरचे," सरोजिनीबाई म्हणत. त्या हसत, पण तेही हळूच.

त्या आषाढात खाडीकाठच्या दिवाळे गावचा रोहिदास कोळी आपली जुनी फटफटी टेम्पोतून उतरवून ढकलत घेऊन आला. गाडी जुनी आणि भलतीच जड होती, धूर ओकत, गिअर कुरकुरवत शेवटी बंदच पडली होती. मागे त्याची बायको कमळी लंगडत येत होती. ही कमळी वाशीच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि परत जाताना सरोजिनीबाईंच्या पायरीवर पाणी प्यायची. सरोजिनीबाईंच्या घरात मासळी शिजत नसे, पण त्या पायरीवर दोघींचं बोलणं मात्र चांगलं शिजायचं.

"गुडघा बगा, वयनी," कमळीनं लुगडं जरा वर केलं. "नारलावानी झालाय. डाक्टर बोलतो, डोईवर वजन नाय घ्याचं. मंग पाटी काय उडत जाईल बाजारात?"

पहाटे बोट लागायची तेव्हा दिवाळ्याहून बस नसायची. गाडी होती तोवर रोहिदास कमळीला पाटीसकट बाजारात सोडायचा. गाडी बसल्यापासून ती पाटी डोक्यावर घेऊन हायवेपर्यंत चालत होती आणि मग मिळेल त्या टेम्पोत चढत होती. सध्या बोटी किनाऱ्याला होत्या म्हणून बरं. पण नारळी पुनव झाली की पुन्हा समुद्र सुरू होणार होता.

"नाय जमलं तर घरी बस," रोहिदास म्हणाला.

"घरी बस! बाजारातली जागा रिकामी दिसली का दुसरी येऊन बसते. मंग ती उठते का? माझ्या आयशीची जागा हाय ती."

दिनानाथराव गाडीभोवती फिरून आले होते. एवढं जड इंजिन त्यांनी पूर्वी कधी उघडलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्या डोळ्यांत लकाकी होती. "पुनवेनंतर पहिलं म्हावरं येईल ना कमळे, त्या पहाटे ही गाडी तुझ्या दारात उभी असेल. माझा शब्द."

"शब्द नको, भाऊ, पिष्टन घाला," रोहिदास म्हणाला, आणि सगळे हसले.

सरोजिनीबाई हसल्या नाहीत. हातावर पाणी सोडून केलेला संकल्प आणि तोंडानं दिलेला शब्द यांत त्यांना कधी फरक वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन सुटं होऊ लागलं. सरोजिनीबाई आधी नुसत्या दिवा धरून उभ्या राहिल्या. मग त्यांना राहवेना. एवढ्याशा लोखंडी पोटात एवढं काय काय असतं! "हे काय हो? आणि हे कशाला? हे नसलं तर चालेल का?" त्यांनी घरातली जुनी ताटं आणली आणि निघेल तो भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून ताटात मांडू लागल्या. पूजेचं तबक मांडावं तशीच ती मांडणी. आणि ती मांडणी घराण्यांनुसार होती. पिस्टन, त्याच्या रिंगा, त्याची पिन, हे एक कुटुंब. व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा, दुसरं. गिअरचे दोन दांडे आणि त्यांवरची दातेरी चाकं, तिसरं मोठं खटलं.

"आणि हे कुणाचं?" त्यांनी एक आखूड, जाडजूड दांडा वर धरून विचारलं.

"ते किकचं," मान वर न करता दिनानाथराव म्हणाले. "किक चांगली बसते. ते राहू दे बाजूला."

सरोजिनीबाईंनी किकचं ताट वेगळं केलं, वर फडकं झाकलं आणि ते फडताळात ठेवून दिलं.

व्हॉल्व्ह घासायचं काम त्यांनी मागून घेतलं. व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या बसणीला खरखरीत लेप लावायचा आणि काठीच्या टोकाला चिकटवलेला व्हॉल्व्ह दोन्ही तळव्यांत रवीसारखा घुसळायचा. हात घुसळत होते, ओठांवर नामस्मरण चाललं होतं. शेवटी वरून रॉकेल ओतून बघितलं, तर थेंबसुद्धा खाली झिरपला नाही. "हे एवढ्यानं अडतं?" त्या कितीतरी वेळ त्या कोरड्या कडेकडे बघत बसल्या. पूजेच्या आधी लिंबू आणि बेसनानं हात चोळून घेतले, तरी नखांत काळं राहायचंच. महादेव स्वतः अंगाला राख फासतो, त्याला काय त्याचं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

सिलिंडर आतून कातून, बोअर करून आला, नवा पिस्टन बसला. श्रावण लागला तेव्हा गाडी उभी राहिली आणि पहिल्या किकेला धडधडली. मालतीबाईंची भांडी वाजली म्हणे. दिनानाथरावांनी गिअर टाकला, आणि गाडी गल्लीतून अशी विव्हळत निघाली की कुत्री भुंकायला लागली. ते परत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं.

"इंजिन घड्याळासारखं चाललंय. पण पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही गिअर ओरडतात. चढाला जरा जोर दिला की खटकन सुटतात. चौथा टाकला की एकदम लोण्यासारखा."

पुन्हा गिअरबॉक्स उघडला. वरच्या दांड्यावरची सरकती चाकं बदलली, त्यांना ढकलणारा काटा बदलला. पुन्हा जोडलं. पुन्हा तेच विव्हळणं. पुन्हा उघडलं. पौर्णिमा जवळ येत चालली तसे दिनानाथराव जेवताना बोलेनासे झाले. एका संध्याकाळी ते पाना खाली ठेवून म्हणाले, "ठाण्याच्या एखाद्या गॅरेजात टाकू. ते दिवाळीपर्यंत देतील."

"दिवाळी? आणि कमळी?"

ते हात पुसत राहिले. हात कधीच पुसून झाले होते.

सरोजिनीबाईंनी चहा आणून ठेवला आणि ताटापुढे बसल्या. दोन्ही दांडे चाकांसकट वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी होते. "एक विचारू? वेड्यासारखं वाटेल."

"आत्ता नको गं."

त्या थांबल्या. चहा अर्धा झाल्यावर तेच म्हणाले, "बरं, विचार."

"इंजिनाचा जोर यात शिरतो कुठून?"

"इथून. या वरच्या दांड्याच्या डाव्या टोकातून."

"आणि बाहेर कुठून पडतो? मागच्या चाकाकडे?"

"इथूनच. ही चेनची चक्री."

"म्हणजे ज्या बाजूनं शिरला त्याच बाजूनं बाहेर?" सरोजिनीबाईंनी दोन्ही दांडे दातांत दात घालून जुळवले आणि बोट ठेवून वाट धरली. "इथून शिरला. वरच्या दांड्यानं इकडे गेला. या चाकावरून खालच्या दांड्यावर उतरला. खालच्या दांड्यानं परत मागे फिरला. आणि इथं वर चढून बाहेर." त्यांचे डोळे मोठे झाले. "अहो, ही तर सोमसूत्री प्रदक्षिणा!"

"कसली?"

"शंकराची. जायचं, वळायचं आणि मागे फिरायचं. सगळे गिअर असेच जातात?"

"चौथा सोडून. चौथ्यात जोर खाली उतरतच नाही. वरचा दांडा थेट चक्रीलाच धरतो."

"म्हणजे चौथ्याला प्रदक्षिणाच नाही. दारातून नमस्कार!"

दिनानाथराव हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आणि हसता हसताच थांबले. कप खाली ठेवला.

"काय झालं?"

"चौथा गुणाचा, बाकीचे तिन्ही रडतात," ते सावकाश म्हणाले. "तिघांत सारखं काय आहे? परतीची वाट. खालचा दांडा. आणि मी आठवडाभर वरच्याच दांड्याचे लाड करतोय."

त्यांनी खालचा दांडा उचलला. दात स्वच्छ होते, दांडा सरळ होता. "याचा एक पाय इथं, डब्याच्या भिंतीतल्या बुशात, म्हणजे या धातूच्या कड्यात, टेकतो." त्यांनी तो बूश बोटानं चाचपला. "हा ठीक आहे. आणि दुसरा पाय..." ते वर्तमानपत्रावर शोधू लागले. वरच्या दांड्याची टोकं टेकायच्या जागा समोर होत्या, पण त्या त्याच्याच मापाच्या होत्या. खालच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकासाठी मात्र समोर एकही भोक उरलं नव्हतं. "दुसरा पाय टेकतो कुठे याचा?"

सरोजिनीबाईंचा चेहरा बदलला. त्या उठल्या, फडताळातून झाकलेलं ताट घेऊन आल्या आणि फडकं काढलं.

"तुम्हीच म्हणाला होतात, किकचं आहे, राहू दे बाजूला. म्हणून मी घर वेगळं केलं."

किकचा तो आखूड दांडा पोकळ होता. दिनानाथरावांनी खालच्या दांड्याचं टोक त्याच्या पोटात सरकवलं. ते तिथंच बसायचं होतं. पण बसलं नाही. सैल बुटात पाय हलावा तसं ते डगडगलं. आतला बूश झिजून भोक लांबोळकं झालं होतं.

"हात्तिच्या!" दिनानाथराव म्हणाले. "दर वेळी गाडी जोडताना हा शेवटी झाकणासोबत, न बघता, जसाच्या तसा परत घालत होतो मी. किक चांगली बसते ना, मग कशाला बघायचं!"

"आणि दर वेळी धुऊन, पुसून, झाकून मी ठेवत होते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "सोवळ्यातल्यासारखं."

दोघं एकमेकांकडे बघून असे हसले की मालतीबाई कुंपणाशी आल्या. "काय हो, सापडलं काय?"

"माहेरी राहिलेली बाई सापडली," दिनानाथराव म्हणाले. "सासर दुसरंच होतं तिचं."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या लेथवर गनमेटलचा नवा बूश कातून घेतला. तो किकच्या पोटात दाबून बसवला. सरोजिनीबाईंनी स्वतः खालच्या दांड्याचं टोक तेलात बुडवून आत सरकवलं. ते सुळकन गेलं, पण हललं नाही. त्यांनी ते पुन्हा बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं.

"अगं, झालं, बसलं," दिनानाथराव म्हणाले.

"बसलं ते कळलं. कसं बसतं ते बघतेय."

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी गाडी जोडून झाली. दिनानाथराव तुर्भ्याकडच्या चढावर जाऊन आले आणि मुद्दाम दुसऱ्या गिअरमध्येच दारापर्यंत आले. इंजिनाची धडधड तेवढी होती, खाली सगळं गप्प. मालतीबाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं, "आज कुत्री नाही का भुंकली?"

पौर्णिमेला सरोजिनीबाईंनी नारळीभात केला. दुपारी रोहिदासचा निरोप आला. दिवाळ्याच्या खाडीत नारळ सोडून तो रात्री बोटीवर जाणार होता, पहाटे परतणार होता. गाडी न्यायला त्याला येता येणार नाही. कमळी म्हणाली होती, भाऊला बोला, जमलं नाय तर राहू द्या, मी चालत जाईन.

दिनानाथरावांनी निरोप ऐकला. नारळीभात दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि लवकर झोपले.

सरोजिनीबाई रोजच्यासारख्या पहाटे उठल्या. अंघोळ करून देवापुढे दिवा लावला, बेल खुडायला अंगणात आल्या तर दिनानाथराव आधीच गाडीपाशी होते. डोक्याला मफलर, पायात कारखान्याचे बूट. मागच्या कॅरिअरला पाटी ठेवायची फळी त्यांनी सुतळीनं घट्ट बांधली होती.

"चहा करू?"

"आल्यावर. तू तरी कुठे घेतलायस?"

गाडी स्टँडवरून उतरवताना त्यांनी ती अलगद धरली. सगळी गल्ली अजून झोपेत होती. फाटकाची कडी नेहमी किरकिरायची. सरोजिनीबाईंनी बेलाचं ताम्हन पायरीवर ठेवलं आणि कडी दोन्ही हातांनी उचलून आवाज न होऊ देता सोडवली.

किक मोठ्या रस्त्यावर गेल्यावरच मारायची, म्हणून इंजिन चालू न करता दिनानाथरावांनी गाडी बाहेर ढकलली. खांदा पुढे घातला आणि ती जड फटफटी रेटत ते मोठ्या रस्त्याच्या, दिवाळ्याच्या दिशेनं निघाले.