वीतभर कापड

इस्त्रीवाल्याच्या हाताचं काय सांगू! स्नूकरच्या टेबलावरचं हिरवं कापड तो असं गुळगुळीत करायचा की माशी बसली तर घसरत थेट पॉकेटात जायची, आणि पंच तिचेही गुण मांडायचे. खोटं वाटतंय? राहू दे. पण त्या दिवशी वीतभर कापड राहिलं, ते मात्र खरं.

टीव्हीवर दाखवायची निमंत्रितांची स्पर्धा होती. बोलावणं आठच जणांना, आणि आठवी त्याची लेक चिंगी. जिंकली तर पुढच्या वर्षीचं बोलावणं पक्कं. हरली तर पुन्हा कोण कुत्रं विचारतंय?

बाप सकाळपासून इस्त्री फिरवत होता. डावा कोपरा तेवढा उरला, तोच केबलवाल्यानं प्लग उपटला.

"काका, कॅमेऱ्याला वीज हवीय!"

"अरे मेल्या, वीतभर राहिलंय!"

"वीतभरानं काय आभाळ कोसळतंय?"

इस्त्री गार पडली, लोक आत आले, दिवे लागले. पंचाला सांगितलं असतं तर मॅच दहा मिनिटं थांबली असती, बास. पण आपल्या तोंडानं आपल्याच इस्त्रीला नावं कोण ठेवणार? अडलंय खेटर! तो गुपचूप मागच्या खोलीत जाऊन टीव्हीसमोर बसला.

चिंगी खेळली हो! समोरचा खुर्चीत बसून पाणी पिऊन पिऊन माठ झाला. शेवटी उरला एकच काळा बॉल. जो तो पॉकेटात घालेल तो जिंकेल. आणि मेला कुठे जाऊन उभा राहिला? त्याच डाव्या कोपऱ्याजवळ.

बाप ताडकन उठला. आता ही हळू मारणार. का? तर लहानपणापासून त्यानंच कानीकपाळी ओरडून शिकवलेलं, "जोर दाखवू नकोस बाळा, कापडावर विश्वास ठेव." आणि इस्त्री न झालेल्या कापडावर हळू जाणारा बॉल हमखास वळतो.

तो धावत सुटला. हॉलच्या दारात रखवालदार भिंतीसारखा उभा.

"आत सोड रे! मुलीला एकच शब्द सांगायचाय!"

"काका, खेळणाऱ्याशी बोलायला बंदी आहे. आत लाइव्ह चाललंय. शिंकलात तरी जगभर ऐकू जाईल."

"मग शिंकतो!"

पण वेळेला शिंक कुठली यायला! दाराच्या काचेतून त्यानं पाहिलं. चिंगी वाकली. हळूच मारला. बॉल निघाला, निघाला, कोपऱ्याशी आला आणि, तुम्हाला सांगते, आठवण झाल्यासारखा वळला. पॉकेटाच्या ओठावर जाऊन बसला. समोरच्यानं उठून फुंकर घातल्यासारखा आत ढकलला.

चिंगीनं खाली वाकून त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. एकदाच.

बाप पाय ओढत टीव्हीसमोर परतला. पडद्यावर माइकवाली विचारत होती, "शेवटचा बॉल जरा वळला का हो?"

"छे!" चिंगी हसली. "टेबल काचेसारखं होतं. माझाच हात हलला."

"खोटं बोलतेय ती!" बाप पडद्यावर ओरडला. "माझं राहिलं! वीतभर माझं राहिलं!"

रखवालदारानं दारातून डोकं घातलं.

"काका, हळू. अजून लाइव्ह आहे."