हवा येते, ऊब येत नाही

बाबांची गाडी तिसऱ्यांदा माझ्या गॅरेजच्या दारात उभी राहिली, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला आणि मनातल्या मनात हात जोडले. दोन सीटची, जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्स कार. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून आई तिला ‘थोरली’ म्हणते.

“हवा येते, ऊब येत नाही,” काच खाली करत बाबा म्हणाले. “पायाशी तर नुसता बर्फ.”

“अहो, परवाच तर केला होता हीटर!”

“केलास की. गाडीला कळलं, माझ्या पायांना नाही कळलं.”

शनिवारी एक माणूस गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येणार होता. पाय गारठतात, हा हिवाळा झेपायचा नाही, असं म्हणून बाबांनीच त्याला बोलावलं होतं. निवृत्तीनंतर रोज सकाळी तळ्याला वळसा घालून यायचं, एवढाच त्यांचा शौक. तो सुटला तर ते आईच्या स्वयंपाकघरात शिरून डब्यांना लेबलं लावत बसणार, आणि मग आई मला फोन करणार. मला ती गाडी काहीही करून वाचवायची होती. शिवाय एका यःकश्चित हीटरपुढे हात टेकणं माझ्या स्वभावात नाही.

तसं हे प्रकरण सरळ असतं. इंजिनाचं तापलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरतं आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो. पहिल्या खेपेला थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला सापडला. इंजिन नीट तापायचंच नाही. तो बदलला, तापमानाचा काटा मध्यावर आला. दुसऱ्या खेपेला जाळीकडे जाणारे दोन्ही पाइप हातात धरून पाहिले. एक चटका देणारा, दुसरा जेमतेम कोमट. म्हणजे जाळी तुंबलेली. उलट्या बाजूने पाणी सोडलं तर चहासारखा गाळ बाहेर आला. तो बघून मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. तिने उत्तर दिलं नाही.

आता उरली हवा. पाय सीटवर, डोकं पेडलपाशी आणि तोंडात टॉर्च, अशा अवस्थेत मी डॅशबोर्डखाली शिरले. बाहेरची गार हवा अडवणाऱ्या झडपेचा फोम झिजून भुगा झाला होता. झडप मिटायची, पण बोटभर फट राहायची.

“सापडला चोर!” मी ओरडले, आणि त्यातला निम्मा भुगा माझ्या तोंडात गेला.

नवा फोम चिकटवला, झडपेची केबल ताणून घेतली. इंजिन तापू दिलं आणि पायाकडे हवा सोडणाऱ्या झरोक्याशी थर्मामीटर धरला. चाळीस, पन्नास, अठ्ठावन्न. मी बाबांना ऐटीत सीटवर बसवलं. भाजीत मीठ बरोबर आहे का बघावं तसा चेहरा करून ते बसून राहिले.

“नाही गं,” शेवटी ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. “अठ्ठावन्न, बाबा! अजून किती हवं? शिजवून घ्यायचेत का पाय?”

“मी काय खोटं बोलतोय?”

“बूट काढा.”

बुटांत एकावर एक दोन मोजे होते. वाटलं, एवढं गुंडाळल्यावर ऊब पोचणार कशी? मीच उकिडवी बसून मोजे ओढून काढले, तर उजव्या पावलावर सुपारीएवढा फोड.

“हे काय?”

“कुठे काय?” ते वाकले आणि माझ्याइतक्याच नवलाने बघत राहिले. “रात्री गरम पाण्याची पिशवी घेतो पायाशी. पण तीही हल्ली गारच असते. आईला म्हटलं, नवी आण.”

मी म्हटलं, “बाबा, इथे हात धरा.”

त्यांनी झरोक्याशी हात नेला आणि झटकन मागे घेतला. “आई गं!” उघडा पाय त्याच हवेत, तिथेच होता. त्यांनी आधी हाताकडे पाहिलं, मग पायाकडे. पुन्हा हात धरून पाहिला, पुन्हा मागे घेतला. हे त्यांचं त्यांनाच तपासू द्यायला हवं होतं.

“म्हणजे गाडी ठीक आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“ब्रेक किती दाबला जातोय, तेही मी हल्ली समोर बघूनच ठरवतो.” हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. या पायांनी ते तळ्याच्या वळणांवर रोज गाडी चालवत होते. “दर वेळी तुझ्याकडे येताना म्हणायचो, दोष गाडीतच निघू दे. गाडीतलं तू दुरुस्त करतेस.”

मला रडू आलं. तोंडात फोमचा भुगा गेलाय असं सांगून मी नळावर जाऊन आले.

“डॉक्टरांकडे जायचं. आत्ता,” मी म्हटलं.

त्यांनी हुज्जत घातली नाही. उतरले, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि अवघडत बसले. त्या बाजूचा पट्टा कुठून ओढायचा, तेही त्यांना माहीत नव्हतं.

मी गाडी बाहेर काढली. हीटर पूर्ण सुरू होता, माझ्या पायांना चटके बसत होते. कमी करायला मन धजेना. बाबा मात्र वाकून पुन्हा पुन्हा खाली हात धरून बघत होते.

“मस्त झालाय गं,” ते म्हणाले.