सातव्या ट्रेमधला बेडूक

सहा बेडूक जागे झाले, सातवा काही केल्या उठेना. त्र्यंबक त्याच्या छातीशी भिंग धरून बसला होता.

पानगळीच्या जंगलातली ही जात मोठी लबाड. अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या आसपास हिवाळाभर पाचोळ्याखाली गोठून पडायचं, काळीजसुद्धा बंद ठेवायचं आणि थंडी सरली की काही झालंच नाही अशा उड्या मारायच्या! गेली पाच वर्षं त्र्यंबक त्यांना लॅबच्या फ्रीझरमध्ये निजवत होता आणि उठवत होता. कातडी सुकू नये म्हणून दर दहा मिनिटांनी पाठीवर पाण्याचा थेंब टाकायचा. नागपुरात त्याला सायंटिस्ट म्हणत. तो स्वतःला बेडकांची सुईण म्हणायचा.

या पाच वर्षांत तो घरी गेला नव्हता. ग्रीनकार्डचं काम अडलेलं. परमिटशिवाय देश सोडला तर फाइल बंद, असं वकिलानं बजावलेलं. आईनं अंथरूण धरल्याचं पत्र जानेवारीत आलं, त्याच दिवशी त्यानं परमिटचा अर्ज केला. आता मार्च संपत आला होता.

दार उघडून त्याची बायको पद्मजा आत आली. बेडकांची शिसारी असल्यामुळे ती लॅबमध्ये कधी पाऊल टाकत नसे. आज तिच्या कोटाची बटणंही लावलेली नव्हती.

“परमिट आलं का गं मेलमध्ये?” त्यानं घाईघाईनं विचारलं. दुसरं काही त्याला ऐकायचंच नव्हतं.

“नाही आलं. उल्हासभावजींचा फोन होता.” ती ट्रेजवळ आली. “अहो, आई गेल्या.”

त्यानं भिंग खाली ठेवलं.

“तोंडात पाणी कोणी घातलं?”

“शेजारच्या काकूंनी. भावजी औषध आणायला गेले होते.”

थोरला मुलगा इथे ट्रे सांभाळत बसला होता. त्र्यंबकला स्वतःची भयंकर लाज वाटली.

प्रोफेसर दारातून डोकावले. “नंबर सेव्हन अजून नाही? डिस्कार्ड इट.”

“टेन मिनिट्स, सर,” त्र्यंबक म्हणाला.

ते गेल्यावर त्यानं ड्रॉपर भरला. त्याचं कोपर लागून ट्रे टेबलाच्या कडेला सरकला. पद्मजानं पुढे होऊन दोन्ही हातांनी तो घट्ट धरला.

त्र्यंबकनं थेंब पाठीवर टाकला नाही. बेडकाच्या मिटलेल्या तोंडाशी ड्रॉपर नेऊन हळूच दाबला.